करडं कडं

नवं हेड टेबलावर उपडं ठेवलंय. पिस्टनकडची सपाट बाजू वर आली आहे आणि तिच्यात ओळीनं सहा गोल तोंडं दिसतात. तीन मोठी, तीन थोडी लहान. मोठी हवा आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हची, लहान धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टची. इनलेटची सीट हेडच्याच बिडात कापलेली आहे. एक्झॉस्टला मात्र कठीण मिश्रधातूचं वेगळं कडं दाबून बसवलंय, कारण तापलेल्या धुराचा मारा नुसतं बीड फार दिवस सोसत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं हे दुकान. दार म्हणजे एक शटर, ते पूर्ण वर. पलीकडच्या दुकानात लेथ चालू आहे आणि लोखंडाच्या कापाचा, कूलंटचा, डिझेलचा वास एकत्र होऊन इथपर्यंत येतोय. गळीत हंगाम ऐन भरात आहे. ज्यांच्या ट्रॅक्टरचं हे हेड, ते करवीर तालुक्यातले साठीचे शेतकरी उपड्या खोक्यावर बसलेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या उसाला तोड आलीय. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरही उतरते. म्हणून ते दर थोड्या वेळानं शटरबाहेर जाऊन मोबाईलवर टोळीच्या मुकादमाशी बोलतात आणि परत येऊन बसतात.

“मिस्त्री, नवंच हेड हाय की. व्हाल टाकायचे आन् आवळायचं. आज संध्याकाळी हुईल न्हवं?”

“मामा, हेड नवं हाय, व्हाल नवे हाईत. पर दोघांची वळख कुठं झालीया आजून?” मिस्त्री मान वर न करता म्हणतात.

जुनं हेड टेबलाखाली आहे. मी वाकून बघतो. मधल्या सिलिंडरच्या दोन सीटांमधून केसासारखी बारीक काळी रेघ गेलेली आहे. हेडांना तडा बहुतेक इथंच जातो. एका बाजूनं जळता धूर, दुसऱ्या बाजूनं बाहेरची गार हवा, आणि मध्ये बिडाचा एवढासा पूल. रेडिएटरचा पाइप फुटला, पाणी गेलं, इंजिन तापून बंद पडलं आणि ड्रायव्हरनं घाईघाईनं त्यावर गार पाणी ओतलं. नंतर रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले आणि ऑइल दुधाळ झालं. मामांनी हे सगळं मला दोनदा सांगितलंय, दोन्ही वेळा ड्रायव्हरला दोष न देता.

त्याच हेडातून निघालेला एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिस्त्री माझ्या हातात देतात. छत्रीसारखा पसरट माथा आणि खाली लांब दांडी. माथ्याच्या कडेला एका जागी खाच पडली आहे, जळून. हा व्हॉल्व्ह तडा जाण्याच्या आधीपासून गळत असणार, असं मिस्त्रींचं मत. व्हॉल्व्ह कसा जळतो हे समजून घेण्यासारखं आहे. एक्झॉस्टच्या माथ्याला शेकडो अंशांची उष्णता लागते आणि ती बाहेर पडायला मुख्य वाट एकच, सीट. व्हॉल्व्ह मिटून सीटला टेकला की उष्णता सीटमधून हेडच्या पाण्यात जाते. थोडी दांडीतून गाईडमध्ये उतरते, पण मोठा वाटा सीटचाच. आता कुठं टेकण्यात फट राहिली, तर तिथून उष्णता जात नाहीच, उलट जळता वायू त्याच फटीतून जोरानं घुसतो आणि धातू कापत सुटतो. आज केसाएवढी फट, महिन्याभरात खाच.

मिस्त्रींचा हाताखालचा मुलगा, त्याला सगळे बारक्या म्हणतात, नवं हेड डिझेलनं धुतोय. कारखान्यातून निघताना लावलेलं गंज धरू न देणारं तेल निघून जातंय. बाटली धुवायच्या लांब ब्रशनं तो प्रत्येक पोर्ट, पाण्याची प्रत्येक वाट, पुश रॉडची भोकं घासतो, मग कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवतो. एका भोकातून चिमूटभर काळी रेती आणि लोखंडाचा एक गुंडाळलेला कीस बाहेर पडतो. ओतकामातली रेती. मिस्त्री तो कीस बोटावर घेऊन मामांना दाखवतात, बोलत काही नाहीत. मामा मोबाईल खिशात ठेवतात.

या गावाला इंजिनाचं पोट नवं नाही. पंचगंगेकाठच्या उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं दुरुस्त करता करताच इथल्या मिस्त्रींनी स्वतः इंजिनं घडवायला घेतली. त्यांतल्या म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात आजही आदरानं निघतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत आता गाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतले जातात, त्यात ब्लॉक आणि हेडंही आली. पण ओतलेल्या आणि मशीनवर कापलेल्या हेडाला शेवटचा हात लागतो तो अशाच एखाद्या टेबलावर, आणि मला वाटतं या हाताची म्हणावी तेवढी कदर आपण करत नाही.

सहा नवे व्हॉल्व्ह कागदातून सोडवले जातात. मिस्त्री खिशातून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढतात आणि इनलेटच्या माथ्याला लावतात. घट्ट चिकटतो. एक्झॉस्टच्या माथ्याला लावतात, चिकटत नाही, घसरून पडतो. पण त्याच एक्झॉस्टच्या दांडीच्या टोकाला पुन्हा चिकटतो. एका व्हॉल्व्हमध्ये दोन धातू आहेत. माथा निकेल-मँगेनीज-क्रोमियमच्या पोलादाचा, तापून लाल झाला तरी ताकद न सोडणारा, आणि त्या पोलादाला चुंबक धरत नाही. दांडी वेगळ्या पोलादाची, रॉकरचा मार सोसायला कडक करता येणारी. दोन्ही तुकडे वेगानं फिरवून एकमेकांवर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं सांधतात. सांधा डोळ्यांना दिसत नाही, चुंबकाला दिसतो.

आता गाईड. मिस्त्री दांडीला तेलाचं बोट लावून व्हॉल्व्ह गाईडमध्ये सोडतात. तो आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरतो, धपकन पडत नाही आणि मध्ये अडतही नाही. मग थोडा वर उचलून माथा आडवा हलवून बघतात. इनलेटपेक्षा एक्झॉस्टला हलकीशी जास्त मोकळीक लागते, कारण गरम झाल्यावर त्याची दांडी जास्त फुगते. मोकळीक फार झाली तर ऑइल गाईडमधून खाली झिरपतं आणि निळा धूर येतो. कमी झाली तर दांडी गाईडमध्ये धरते. हा सगळा हिशेब दोन-तीन थाउंचा. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरच्या अडीच शतांशांहून जरासा जास्त. उद्यमनगरात वय झालेली माणसं अजून थाउतच बोलतात आणि पोरं मिलिमीटरमध्ये, आणि दोघांचं एकमेकांशी छान जमतं.

खोली मोजायचं काम पटकन उरकतं. डिझेलच्या या हेडात व्हॉल्व्हचा माथा हेडच्या सपाटीपेक्षा थोडा आत बसायला हवा. वर राहिला तर पिस्टन येऊन धडकेल, फार आत गेला तर वरची जागा वाढेल, दाब कमी मिळेल आणि थंडीत इंजिन सुरू व्हायला त्रास देईल. सहाही मापं मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहेत. बारक्या आकडे जुन्या पुठ्ठ्यावर लिहितो. त्याच पुठ्ठ्याला पान्याच्या टोकानं सहा भोकं पाडलेली आहेत आणि प्रत्येकाखाली नंबर घातलाय. इथून पुढं ज्या नंबरचा व्हॉल्व्ह, त्याच नंबरची सीट. अदलाबदल नाही.

मग येतो निळा रंग.

मिस्त्री पहिल्या व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेला मार्किंग ब्लूचा अगदी पातळ हात देतात. एवढा पातळ की खालचा धातू दिसत राहतो. व्हॉल्व्ह सीटवर टेकवतात, अंगठ्यानं दाबून जरासा फिरवतात, उचलतात. सीटवर निळं कडं उमटलंय, पूर्ण, सगळीकडे सारखं. दुसरा व्हॉल्व्ह, तिसरा, चौथा, पाचवा. सगळे ठीक. सहाव्याला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, निळं कडं तीन बाजूंनी उठतं आणि चौथ्या बाजूला पुसट होत जाऊन संपतं. मिस्त्री सीट पुसून पुन्हा करतात. तसंच. व्हॉल्व्ह अर्धा फिरवून पुन्हा. रिकामी जागा सीटवर तिथंच राहते. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, सीटचा. सीटचा मध्य गाईडच्या मध्याशी जुळत नाही, किंचित सरकलाय.

“जाड पेस्ट लावून जरा जास्त घासू का?” बारक्या विचारतो.

“आरं, पेस्टनं सीट सरळ हुती व्हय? व्हालच्या तोंडाला नाळ पडंल. वर बघितलं तर करडं दिसंल, आत पोकळच. पेस्ट घासायला असती, चूक झाकायला न्हाई.”

मामा उठून टेबलाजवळ येतात आणि खळग्यात डोकावतात. “मला तर काय बी दिसंना.”

मिस्त्री त्यांचा हात धरून बोट त्या जागेवर फिरवतात. बोटालाही काही कळत नाही, हे मामांच्या चेहऱ्यावर दिसतं. खरंच कळण्यासारखं नाही. ते फक्त निळ्याला कळलं. आणि ते आज कळलं म्हणून. हेड आवळून झाल्यावर हेच कळायला दोन-तीनशे तास लागले असते आणि मग पुन्हा हेड काढायची पाळी.

सीट कटरची लाकडी पेटी उघडली जाते. गाईडमध्ये पायलट नावाची गुळगुळीत पोलादी दांडी घट्ट बसते. तिच्यावर ४५ अंशांचा कटर. पायलट गाईडमधून सरळ उभा आहे, म्हणून कटर जे कापेल ते गाईडच्या मध्याशी जुळणारच. मिस्त्री दोन्ही हातांनी मूठ धरतात, खाली जवळजवळ दाबतच नाहीत, आणि एक फेरा देतात. कर्र असा बारीक आवाज येतो, एका बाजूला येतो, दुसऱ्या बाजूला येत नाही. आणखी एक फेरा. आणखी अर्धा. आता आवाज सगळ्या वर्तुळात सारखा आहे. मी आवाजाकडे लक्ष देतोय हे बघून ते मान हलवतात. कुठे थांबायचं हे हा आवाज सांगतो.

पण कापल्यामुळे सीटची पट्टी रुंद झाली. रुंद पट्टी मजबूत असेल असं वाटतं, पण तसं नसतं. स्प्रिंगचा जोर तेवढाच, तो जास्त जागेवर पसरला की पकड सैल होते आणि काजळीचे कण मध्ये अडकतात. फार अरुंद केली तर उष्णता जायला वाट उरत नाही. या हेडाला मिस्त्री सुमारे दीड मिलिमीटर ठेवतात. त्यासाठी ३० अंशांच्या कटरनं वरची धार आणि ६० अंशांच्या कटरनं आतली धार किंचित उतरवतात, आणि पट्टी पुन्हा अरुंद होत व्हॉल्व्हच्या कडेच्या मध्यावर येते. निळा रंग पुन्हा. कडं पूर्ण. खोली पुन्हा मोजली जाते, मर्यादेतच आहे.

या सगळ्यात जवळपास तास गेलाय. मामा आता बाहेर जात नाहीत.

घासणी सुरू होते. डबीच्या एका तोंडाला जाड कार्बोरंडम पेस्ट, दुसऱ्या तोंडाला बारीक. नव्या कापलेल्या सीटला जाड पेस्टची गरज नाही, बारीकच. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्टचे तीन-चार ठिपके, दांडीला तेल, आणि माथ्यावर लाकडी दांडीचा रबरी चोखा ओला करून चिकटवलेला. बारक्या दांडी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळावं तशी पुढं-मागं फिरवतो. दर थोड्या वेळानं व्हॉल्व्ह किंचित उचलतो, पाव फेरा पुढं सरकवतो आणि पुन्हा टेकवतो. हे उचलणं महत्त्वाचं आहे. एकाच जागी घासलं तर पेस्टचे दाणे गोल रेघा पाडतात, आणि गोल रेघ म्हणजे वायूला वाट. उचलल्यानं दाणे नव्यानं पसरतात.

सुरुवातीला आवाज खरखरीत येतो. मग हळूहळू मऊ होत जातो, आणि शेवटी जवळजवळ ऐकूच येत नाही. पेस्ट बोथट झाली. बारक्या व्हॉल्व्ह काढून फडक्यानं पुसतो आणि उजेडात धरतो. चकचकीत कडेच्या मधोमध एक निस्तेज करडं कडं उमटलंय, कुठंही न तुटलेलं, सगळीकडे सारख्या रुंदीचं. सीटवरही त्याचा जोडीदार. चमक नाही त्यात, आणि नसणंच बरोबर. चमकणारा ठिपका दिसला तर तिथं धातू धातूला लागलेला नाही असं समजायचं.

मी दुसऱ्या व्हॉल्व्हची दांडी तळव्यांत घेऊन बघतो. मिस्त्री शेजारी उभे आहेत. जोर लावायचा नसतो हे लगेच समजतं. जोर लावला की रबर सुटतं. हातांना फक्त लय ठेवायची असते, घासायचं काम पेस्ट करते. उरलेले चार बारक्या स्वतः घासतो, न बोलता, आणि त्याचा हात माझ्याहून कितीतरी हलका आहे.

पुन्हा धुणं. पहिल्यापेक्षा कडक. पेस्टचा एक कण गाईडमध्ये राहिला तर दांडी खाईल, खाली सिलिंडरमध्ये पडला तर लायनर आणि रिंगा खाईल. साबणाचं गरम पाणी, मग डिझेल, मग हवा. गाईडमधून पांढरं फडकं ओढून काढतात आणि ते पांढरंच बाहेर येतं की नाही ते बघतात. तिसऱ्या वेळी येतं.

जुळणी भराभर होते. दांडीला ऑइल, गाईडच्या टोकाला सील, व्हॉल्व्ह खालून आत, वरून स्प्रिंग. स्प्रिंगचे दाट वेढे हेडच्या बाजूला. स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दाबली की दांडीच्या खाचेत दोन अर्धगोल लॉक बसवायचे. ते नखाएवढे असतात, ग्रीसच्या ठिपक्यानं जागेवर धरून ठेवतात आणि मग कॉम्प्रेसर सावकाश सोडायचा. बारक्या हे करताना चेहरा बाजूला घेतो, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा जाऊ शकतो. सगळे बसल्यावर मिस्त्री प्लास्टिकच्या हातोडीनं प्रत्येक दांडीच्या टोकावर एक टोला देतात. लॉक नीट बसला नसेल तर आत्ता उडेल. चालत्या इंजिनात उडाला तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टन, लायनर, हे नवं हेड, सगळं जातं.

आता परीक्षा. मिस्त्री कपाटातून जपून ठेवलेली रॉकेलची बाटली काढतात. रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून पुष्कळ जण डिझेल ओततात, पण मिस्त्रींना ते पटत नाही. डिझेल जाड, बारीक गळती लपवतं. हेड कुशीवर उभं केलं जातं, पोर्टची तोंडं वर. एकेका पोर्टमध्ये रॉकेल ओततात आणि सगळे समोरच्या सपाट बाजूकडे बघत राहतात. सहा मिटलेले माथे, कोरडे. मामाही वाकून बघतायत.

दोन मिनिटांनी दुसऱ्या सिलिंडरच्या इनलेटच्या कडेला ओल दिसते. थेंब नाही, नुसती ओल, बोट लावलं तर कळेल एवढी. बारक्या काही न सांगता स्प्रिंग कॉम्प्रेसर उचलतो. रॉकेल काढलं जातं, स्प्रिंग निघते, व्हॉल्व्ह बाहेर येतो. कडेला फडक्याचा एक तंतू चिकटलाय. पुसून, तेल लावून, परत बसवून पुन्हा रॉकेल. या वेळी मिस्त्री घड्याळ बघून दहा मिनिटं थांबतात. सहाही कोरडे.

“मामा, आता न्या. उद्या सकाळी येतो आवळायला. टॉर्क पाना माझाच घेऊन येतो.”

“आज न्हाई जमायचं?”

“अंधारात हेड आवळत न्हाई मी.”

मामा हो म्हणतात. मुकादमाला फोन करून टोळी एक दिवस दुसऱ्याच्या फडात घालायला सांगतात. मजुरीचे पैसे मोजून देताना ते एक शब्दही कमी करा म्हणत नाहीत.

हे इंजिन २००० फेऱ्यांवर चालेल तेव्हा यातला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडेल आणि १००० वेळा मिटेल. आठ तासांच्या कामात चार लाख ऐंशी हजार वेळा. प्रत्येक वेळी त्याला त्याच दीड मिलिमीटरच्या पट्टीवर येऊन बसायचंय.

तुमच्या ट्रॅक्टरचं, पंपाचं, गाडीचं हेड कधी उघडलं तर एवढं करा. हेड नवं आहे म्हणून व्हॉल्व्ह तसेच टाकू देऊ नका. निळ्या रंगाचं कडं आणि रॉकेलची परीक्षा समोर उभं राहून बघा, आणि ओल दिसली तर हेड परत उघडायला लावा. जुळणीनंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तासांना टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि दांडीच्या टोकामधली, फट पुन्हा मोजून घ्या, कारण नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो, फट कमी होते, आणि फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आणि मिस्त्री उद्या म्हणाला तर उद्याच घ्या.